थोरली डब्लिनात, धाकटी किल्डेअरात

पितळी नाकाला दिलेला डाख. तांदळाच्या दाण्याएवढा.

डब्लिन एक आहे. डब्लिनच्या कौन्सिली चार आहेत.

सोळा भाज्यांपैकी तेरा मिळाल्या. अंबाडी या बेटावर कुणी पेरत नाही.

लीश आणि ऑफली या काउंट्या शुक्रवारी लॉकडाउनमधून मोकळ्या झाल्या. किल्डेअर नाही.

उद्याच्या वादळाला फ्रान्सिस असं नाव दिलेलं आहे.

रेवतीच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ताट एकच. कपाटाला इथे प्रेस म्हणतात.

कचऱ्याची पेटी कोणत्या कौन्सिलची, हे पेटीवरच लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही.

लेक्सलिप, किल्डेअर काउंटी

"आई, ती पिशवी माझ्याकडे दे."

"माझ्याच जवळ राहू दे. तू भराभरा चालते."

अलकनंदाबाईंनी पिशवी छातीशी धरली. आत मऊ मलमलीत गुंडाळलेली धाकटी महालक्ष्मी होती. धाकटी म्हणजे तिचा मुखवटा, पितळेचा, नारळाएवढा. बाकीचं अंग म्हणजे उभा सांगाडा, साडी आणि दागिने. ते सगळं डब्लिनमधल्या ल्यूकनला, मुलाच्या, अभिजितच्या घरी, थोरलीजवळ. उद्या मंगळवार, आवाहन. उद्या दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या राहायला हव्यात आणि आज त्यांच्यामध्ये एक काउंटीची हद्द आडवी पडली होती.

झालं होतं असं की धाकटीच्या नथीची तार तुटली. नथ नाकात डाखलेली, त्यामुळे सोनार हवा, आणि ल्यूकनला सोनार कुठून आणायचा? रेवती संगणकाच्या चिपच्या कारखान्यात, तिच्या घरी डाख द्यायची सगळी हत्यारं. महालक्ष्म्यांची जोडी घराबाहेर काढायची नाही, घर बदललं तरच काढायची, ही देशकरांच्या घरची रीत. पण जोडी नाही काढायची. एकटी धाकटी थोडा वेळ कामाला गेली तर रीत मोडत नाही, असा विचार करून अलकनंदाबाई सात ऑगस्टला फक्त तिला घेऊन लेकीकडे आल्या. डाख दहा मिनिटांत झाला. संध्याकाळी जेवताना बातमी आली की करोनामुळे मध्यरात्रीपासून किल्डेअर बंद. आतले आत, बाहेरचे बाहेर.

तेव्हा अभिजितचा लगेच फोन आला होता. "आई, मी गाडी काढतोय. पंधरा मिनिटांत पोहोचतो. सामान भर."

"आता जेवण झालं, बाप्पा. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या होत्या.

जेवण झालं नव्हतं. रेवती तव्यावरची पोळी उलटत होती, आणि पोळी वाढायला दुसरं ताट नव्हतं म्हणून तिने स्वतःची पोळी पातेल्याच्या झाकणावर घेतली होती. जानेवारीत तिचा नवरा संजीव वेगळा राहायला गेला आणि जाताना भांडी घेऊन गेला. आणि मार्चमध्ये लॉकडाउन लागल्यापासून ही पोरगी एकटी, आधी तर घराभोवतीच्या दोन किलोमीटरच्या गोलात. या गोष्टी रेवतीने फोनवर कधी सांगितल्या नव्हत्या. त्या झाकणाने सांगितल्या.

दोन आठवडे संपले. बाकीच्या दोन काउंट्या सुटल्या आणि किल्डेअरला आणखी दोन आठवडे लागले. शनिवारी गणपती बसले ते अलकनंदाबाईंनी फोनच्या पडद्यावर पाहिले. आरतीत अभिजितचा आवाज मागे राहत होता आणि टाळ्या पुढे पळत होत्या.

"दादा काय म्हणतोय?" रेवतीने वाटेत विचारलं.

"काल म्हणून राहिला होता, धाकटीला पोस्टाने पाठव. ट्रॅकिंग नंबर मिळतो म्हणे."

रेवती हसली. मग हसणं आवरून म्हणाली, "आई, एक सांगू? घरी परत जायला तुला परवानगी आहे. नियमच तसा आहे. तुझं घर ल्यूकनला. धाकटीला घेऊन तू आजच जाऊ शकतेस. मला वाईट नाही वाटणार."

"माझं घर कुठे आहे ते तू नको सांगू," अलकनंदाबाई म्हणाल्या आणि रस्त्याच्या कडेच्या दिव्याच्या खांबावरचा नंबर वाचत उभ्या राहिल्या.

दक्षिण डब्लिन, जे खरं तर पश्चिमेला आहे

त्यांना ही सवय होती. नागपूरला त्या दोनदा नगरसेविका होत्या. देशकर लेआउट, मागची झोपडपट्टी, नाल्यापलीकडचे क्वार्टर, असा सगळा वॉर्ड त्यांनी पायी पिंजून काढलेला. तिसऱ्या वेळी वॉर्डांची फेररचना झाली. कुठल्याशा खोलीत कुणीतरी नकाशावर रेघ ओढली, ओळखीची माणसं पलीकडे गेली, अनोळखी अलीकडे आली, आणि अलकनंदाबाई पडल्या. त्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. पण तेव्हापासून रेघ दिसली की ती जमिनीवर नेमकी कुठे टेकते, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

फेब्रुवारीत त्या तीन महिन्यांसाठी आल्या, मार्चमध्ये विमानं थांबली. मग रोज फिरायला जाताना त्यांनी अभिजितला प्रश्न विचारून भंडावलं. आपली कौन्सिल कोणती? दक्षिण डब्लिन. मग आपण पश्चिमेला कसे? माहीत नाही, आई. पूल ओलांडला की? फिंगल. मग डब्लिन शहर? त्याची कौन्सिल वेगळी. आणि समुद्राकडे? तिकडे डन लेअरी-रॅथडाउन. "एवढं लांब नाव पाटीवर मावते तरी का?" यांच्या हद्दी कुठे मिळतात? माहीत नाही, आई. तुझ्या वॉर्डाचा कौन्सिलर कोण? या प्रश्नावर अभिजितने कानात इअरफोन घातले होते. नऊ वर्षं राहून ज्याला आपला नगरसेवक माहीत नाही, त्याला त्या शहरात राहणारा म्हणायचं की पाहुणा, हे त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं.

बाग

सेंट कॅथरिन्स पार्कचं अलकनंदाबाईंना विशेष वाटायचं ते याचसाठी. लिफी नदीच्या काठाकाठाने पसरलेली ही बाग एका बाजूने किल्डेअरची, दुसऱ्या बाजूने फिंगलची, आणि नदीपलीकडे दक्षिण डब्लिन. कुंपण नाही, दगड नाही, पाटी नाही. कुत्री, मुलं आणि सायकली हवं तिकडे जातात.

अभिजित, त्याची बायको पद्मजा आणि अक्षया आधीच येऊन उभे होते, वाटेच्या पलीकडे, एका मोठ्या झाडाखाली. रेवती पंधराएक पावलं अलीकडे थांबली.

"इथेच थांबू. माझ्या फोनप्रमाणे रेघ समोरच्या वाटेवर आहे."

"माझ्या फोनप्रमाणे तुझ्या मागे आहे," अभिजित ओरडला. "आई! कशी आहेस?"

"ग्रँड," अलकनंदाबाई म्हणाल्या. अक्षयाने त्यांना शिकवलेला हा पहिला शब्द. अकरा वर्षांची नात खूश होऊन दोन्ही हात हलवू लागली.

"फोन ठेवा दोघं," त्या म्हणाल्या. "तिकडची पेटी पाहा. फिंगलची आहे. ही माझ्या बाजूची किल्डेअरची. आणि गवत पाहा. तिकडे कापलेलं, इकडे वाढलेलं. कंत्राटदार आपल्या हद्दीच्या पुढे एक बोट कापत नाही. रेघ इथे आहे." त्यांनी चपलेच्या टोकाने गवताची कड दाखवली.

"आई, प्लीज," अभिजित म्हणाला. "रेघ महत्त्वाची नाहीये."

"रेघच तर महत्त्वाची आहे. नाहीतर आपण सगळे घरी बसून चहा नसतो का पीत?"

पद्मजा हसली. तिच्या खांद्याला जेवणाच्या डब्याची मोठी पिशवी होती आणि ती पिशवी तिने, अलकनंदाबाईंनी पाहिलं, दोन्ही हातांनी धरली होती. म्हणजे सांगितल्याप्रमाणे आणलं होतं तिने. नवऱ्याला सांगितलेलं दिसत नव्हतं.

अभिजितने घसा साफ केला. ऑफिसात मीटिंग सुरू करताना करत असावा तसा. "हे बघा, सोपं आहे. आई आमच्याकडे राहते. तिच्या कागदांवर माझा पत्ता आहे. घरी परतणाऱ्याला कुणी अडवत नाही. आई धाकटीला घेऊन इकडे येईल, गाडी बाहेर उभी आहे, उद्या आवाहन. रेवती, तू व्हिडिओवर ये. आपण लॅपटॉप अगदी समोर ठेवू."

"लॅपटॉप," रेवती म्हणाली.

"मग काय करू? मी काय लॉकडाउन लावला?"

"तू काही केलं नाहीस, दादा. तू कधीच काही करत नाहीस. मार्चपासून किती वेळा आलास? किल्डेअर आत्ता बंद झालं. जून-जुलैमध्ये उघडं होतं."

"तू बोलावलंस का? फोन केला की 'मी ग्रँड आहे, मी ग्रँड आहे.' मला काय स्वप्न पडणार आहे? आणि खरं सांगू? नथ दुरुस्त करायला आईला त्याच शुक्रवारी बोलवायचं—"

"म्हणजे मी मंत्रिमंडळाला विचारून बोलावलं?"

"भांडा," अलकनंदाबाई म्हणाल्या. "हवा चांगली आहे. उद्या वादळ आहे, उद्या भांडता येणार नाही."

एवढ्यात वाटेवरून एक म्हातारा आला, लाल कुत्र्याच्या मागून ओढला जात. कुत्रा गवताच्या कडेवरून अलीकडे आला, पलीकडे गेला, पुन्हा अलीकडे आला.

"अक्षया, यांना विचार," अलकनंदाबाई म्हणाल्या, "काउंटीची हद्द कुठे आहे."

अक्षयाने तिच्या आयरिश उच्चारात विचारलं. म्हाताऱ्याने टोपी मागे सारून बागेकडे असं पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघतोय. मग तो बराच वेळ बोलला.

"आजी, युअर मॅन, म्हणजे हे आजोबा, सेज ही हॅज नो क्लू," अक्षया म्हणाली. "तो म्हणतो, ही वॉज यंग तेव्हा एकच काउंटी डब्लिन होती. देन दे कट इट इन थ्री. आणि सिटी वेगळीच होती. तो अजून लेटरवर फक्त डब्लिन लिहितो अँड इट ऑल्वेज कम्स."

"पत्र येते?" अलकनंदाबाईंना हे फार आवडलं. "मग तोडून फायदा काय झाला विचार."

म्हातारा नुसता हसला. मग सरळ त्यांच्याकडे पाहून हळू, स्पष्ट इंग्रजीत विचारलं, त्या इथल्याच का? कुठे राहतात?

"ल्यूकनला. आमच्याबरोबर," अभिजित इंग्रजीत म्हणाला.

"लेक्सलिपला. माझ्याकडे," रेवती त्याच क्षणी म्हणाली.

दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळली आणि थांबली. म्हाताऱ्याने दोघांकडे पाहिलं, अलकनंदाबाईंकडे पाहिलं, काहीतरी म्हणाला आणि कुत्र्याच्या मागे निघून गेला.

"काय म्हणाला?"

"ही सेड फेअर प्ले टू यू, म्हणजे शाब्बास," अक्षया म्हणाली. "दे'र फायटिंग ओव्हर यू."

कुणी हसलं नाही. रेवती खाली गवताकडे बघत होती. 'माझ्याकडे' हा शब्द तिच्या तोंडून निघाला होता आणि आता तो परत घ्यायला जागा नव्हती. अलकनंदाबाईंच्या मनात आलं, जानेवारीपासून या पोरीने पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"आई," अभिजित हळू आवाजात म्हणाला, "तूच सांग. घरी येतेस ना?"

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. लग्न झाल्यापासून एकही महालक्ष्मी चुकली नव्हती; जोडी इकडे आल्यापासून फोनवरून का होईना. आमदारकीची तिकिटं वाटली जात होती त्या वर्षीसुद्धा त्या पक्षाच्या कार्यालयातून उठून घरी आल्या होत्या, आंबील ढवळायला. ल्यूकनला गेल्या तर उद्या दोघी बहिणी जोडीने उभ्या राहतील आणि रेवती झाकणात पोळी घेऊन लॅपटॉप बघेल. नाही गेल्या तर थोरली एकटी. महालक्ष्मी एकटी बसवत नाहीत.

"आत्या," अक्षया अचानक म्हणाली. तिने वडिलांचा फोन घेतला होता आणि जमिनीवर जवळजवळ आडवी होऊन नकाशा मोठा करत होती. "आत्या, यू'र इन डब्लिन."

"काय?"

"तुम्ही दोघी. द होल टाइम. लाइन तुमच्या मागे आहे, त्या बेंचच्याही मागे. हे सगळं फिंगल आहे."

रेवतीने आपल्या पायांकडे पाहिलं. अलकनंदाबाईंनी गवताच्या कडेकडे पाहिलं. मग किल्डेअरच्या पेटीकडे. पेटी किल्डेअरचीच होती, पण कुणीतरी ती दुसऱ्याच्या हद्दीत ठेवली होती, आणि गवत कदाचित नुसतं अर्धवट कापून सोडलेलं होतं.

"म्हणजे माझा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या. वाईट वाटायच्याऐवजी त्यांना भलतंच कुतूहल वाटलं. "असं कसं झालं? तिथे मग कोण झाडते?"

अभिजित मात्र मोठ्याने हसायला लागला होता. "झालं! अर्धा तास डब्लिनमध्ये उभ्या आहात, आकाश कोसळलं का? चला गाडीत बसा दोघी. रेवती, तूसुद्धा. तीन दिवस राहा. ल्यूकनमध्ये कोण विचारतंय?"

रेवतीने गाडीच्या दिशेने पाहिलं. तिला यायचं होतं, हे सगळ्यांना दिसलं. मग ती एक पाऊल मागे गेली, आणखी एक, मग वळून चालत बाकाच्याही मागे, अक्षयाने बोट दाखवलं होतं तिथवर.

"माझ्या शेजारी मॉरीन राहते," ती म्हणाली. "तिच्या लेकीला बाळ झालं. ल्यूकनला. दोन आठवड्यांचं झालं, तिने अजून पाहिलं नाही. रोज गेटपाशी उभी राहून मला फोटो दाखवते. तिच्या दारावरून मी साडी नेसून ल्यूकनला जाऊ, दादा?"

अभिजितचं हसू थांबलं. "तसं नाही गं," तो म्हणाला.

"मला माहीत आहे तसं नाही."

आता कडेच्या अलीकडे अलकनंदाबाई एकट्या होत्या. मुलगा पंधरा पावलांवर, मुलगी पंधरा पावलांवर. त्या वळल्या, आणि पिशवी छातीशी धरून रेवतीच्या दिशेने चालत गेल्या, बाकाच्या मागे. तिथे उभ्या राहिल्या.

"आई!" अभिजित म्हणाला. "आणि मग महालक्ष्म्या? सूनबाई आहे ना घरात? देशकरांच्या महालक्ष्म्या थोरल्याच्या घरी असतात. नागपूरला मोरेश्वरकाकांना काय सांगू?"

"मोरेश्वरला मी सांगते. पद्मजा—"

पण पद्मजा आधीच चालायला लागली होती. पुण्याची मुलगी, तिच्या माहेरी महालक्ष्म्या खड्यांच्या, पितळेच्या मुखवट्यांचं तिला लग्नानंतर कळलं. गेली नऊ वर्षं ती दरवर्षी दोघींना चिंच लावून घासत होती, पुरण वाटत होती, ज्या भाज्या मिळत नाहीत त्यांच्या जागी कोणत्या चालतील हे सासूबाईंना फोन करून विचारत होती. पिशवीतला डबा तिने बाकावर ठेवला आणि झाकण काढलं. मलमलीतून थोरलीचा कान दिसत होता.

"तू हिला घेऊन आलीस?" अभिजित म्हणाला.

"आईंनी सांगितलं होतं, घेऊन ये. का ते नव्हतं सांगितलं." पद्मजा सासूकडे बघत म्हणाली, "पण मला वाटतंय, मला कळलं. धाकटीनेच थोरलीकडे यायला पाहिजे असं कुठे आहे? या वर्षी थोरली जाईल धाकटीकडे. मोठी बहीण आहे. जाते."

"अगं, पण तू एवढं सगळं केलंस. साड्या, भाज्या—"

"तेच म्हणतेय. ते सगळं गाडीत आहे, सुटे केलेले सांगाडे आणि नैवेद्याची भांडीसुद्धा. जाऊन आण." आणि रेवतीकडे वळून, जरा कोरड्या आवाजात, "पुढच्या वर्षी परत. दोघी. नथीला पुन्हा काही झालं तरी."

"वन्सं म्हणून सांगते, वहिनी," रेवती म्हणाली, "माझा डाख तुटत नाही."

अभिजितने बाकावरच्या डब्याकडे पाहिलं. मग खिशात किल्ल्या चाचपत निघाला, दहा पावलं गेल्यावर वळला. "रेवती, आंबिलीला ताक आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"ताटं?"

रेवतीने एक बोट वर केलं. तो आईकडे बघत राहिला. मग मान हलवून गाडीकडे गेला, आता भराभरा.

"आजी," अक्षया म्हणाली, "आम्ही डोअरपाशी फीट काढलेत. राइसच्या पिठाचे. फॉर नथिंग?"

अलकनंदाबाई विचार करत होत्या. आवाहनाच्या दिवशी महालक्ष्मीला दारातून आत आणतात आणि घरभर फिरवतात. एकजण विचारते, इथे काय आहे? दुसरी सांगते, इथे धान्य आहे, इथे दूधदुभतं आहे, इथे लेकरंबाळं आहेत. घराच्या सगळ्या खोल्या दाखवून मग तिला जागेवर बसवायचं.

"हिला तू आण," त्या नातीला म्हणाल्या. "पद्मजा, दे तिच्या हातात. त्या झाडापासून चालत ये. मी विचारीन, तू सांगायचं."

"बट इट्स टुमॉरो, ना?"

"उद्या घरातलं आवाहन. आज बाहेरचं दाखवू. हिने तरी कुठे पाहिलं आहे?"

अक्षयाने मुखवटा दोन्ही हातांत घेतला. जड होता, तिने तो पोटाशी टेकवला, तोंड पुढे करून, म्हणजे थोरलीला दिसेल. पद्मजा तिच्यामागे चालू लागली.

"थोरली आली का?" अलकनंदाबाईंनी बाकामागून विचारलं.

"आली."

"तिकडे नदीपलीकडे काय आहे?"

"साउथ डब्लिन. आमचं घर. माझ्या फ्रेंडचं, ध्रुवचं घर. माझी शाळा, इट ओपन्स थर्सडे."

"आणि हे तू उभी आहे ते?"

"फिंगल." अक्षयाने इकडेतिकडे पाहिलं. "इथे झाडं आहेत. अँड अ बिन. राँग बिन."

"लेकरं आहेत का इथे?"

"मी आहे."

"मग ये."

ती बाकापर्यंत आली, मुखवटा बाकावर ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे मागे सरकली, दोन मीटर, मग आणखी एक उडी. अलकनंदाबाई पुढे झाल्या. थोरलीला उचलून त्यांनी डाव्या हातावर घेतलं. उजवीकडे रेवतीने मलमल सोडून धाकटीला वर काढलं होतं. दोघींच्या नथी एकाच बाजूला वळलेल्या. वारा सुटला होता, झाडं आता एका दिशेने वाकत होती, आणि बागेच्या त्या टोकाकडून अभिजित येताना दिसला, दोन्ही हातांत पिशव्या, काखेत सुटे सांगाडे आणि साड्यांचं बोचकं, आणि हनुवटीखाली दाबून धरलेली स्टीलची चार ताटं.

"इकडे काय आहे, आजी?" अक्षयाने पलीकडून विचारलं. "तुमच्या साइडला?"

अलकनंदाबाईंनी मागे वळून पाहिलं. गवत, तशीच वाट, तसंच आकाश, एक मुलगी.

"चल रेवती," त्या म्हणाल्या, "बघू."

२०१२ सालच्या, त्या तिसऱ्या निवडणुकीत नवीन रेघ अलकनंदाबाईंच्या घरामागून गेली होती. त्यांचं घर शेजारच्या वॉर्डात पडलं, आणि त्यांना स्वतःला मत देता आलं नव्हतं.